गाईच्या नंतरचा फोटो

आत्याबाई, तुमच्या फोटोला पहिला हार मी घातला, आणि तोही तुम्ही समोर खुर्चीत बसून शेंगा सोलत असताना. आज तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत गावात, भावकीत आणि राहात्याला तुमच्या लेकीच्या, आक्कांच्या घरी माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं असेल, त्यातलं निम्मं तरी या एका हाराबद्दल असणार. माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही. तुम्ही असतात तर एकेकीला दारातूनच परत पाठवलं असतंत. आता तुम्ही नाही, म्हणून मी तुमच्यापुढेच बोलायला बसले आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. एरवी माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत तुम्ही.

त्या लॅपटॉपपासून सुरू करते. तुमचा संतू सुप्याच्या कंपनीत लागला तेव्हा यांनी घेतलेला तो काळा लॅपटॉप. त्याची एका बाजूची बिजागरी तुटली होती, बॅटरी फुगली होती, आणि चहा सांडल्यापासून अर्धी बटणं मेली होती. मी घरबसल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते, पीकविम्याचे, सातबाऱ्याचे, पोरांच्या दाखल्यांचे. त्या कामाचा तो राहिला नव्हता, म्हणून माळ्यावर रिकाम्या पोत्यात पडून होता. पडदा मात्र चांगला होता. श्रावणात मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. जुन्या लॅपटॉपचा पडदा पार मागे वळवून पाठीला पाठ लावायची, लाकडी चौकटीत बसवायचा, भिंतीवर टांगायचा आणि त्यात घरातले फोटो एकामागून एक फिरत ठेवायचे. मला काही दम निघेना. जेवणं उरकली, ओसरीत सतरंजी पसरली आणि मी तो उघडायला बसले.

तुम्ही समोर मांडी घालून बसलात. "मेलेल्याची चिरफाड करती का काय?" म्हणालात. मी स्क्रू काढून वाटीत टाकत होते आणि तुम्ही मोजत होतात. मला वाटलं नुसत्या बघताय. सगळं पुन्हा जोडून झाल्यावर तुम्ही वाटी माझ्यापुढे धरली.

"काढले सतरा, लावले चौदा. हे तीन कुठले?"

"ते जादाचे असतात, आत्याबाई."

"कंपनी येडी हाय व्हय जादाचे द्यायला?"

मला खरंच माहीत नव्हतं ते तीन कुठले. अजूनही माहीत नाही. तुम्ही ते चिंधीत बांधून देवघरातल्या डबीत ठेवलेत आणि पुढे आठवडाभर जो येईल त्याला सांगितलंत की आमच्या सुनेनं तीन स्क्रू कमी लावून मशीन चालू केलं. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपलं कौतुक धरून चालले.

चौकट गावातल्या सुतारानं जुन्या खिडकीच्या लाकडाची करून दिली. फुगलेली बॅटरी मी काढून टाकली होती, त्यामुळे वायर सतत लावलेली आणि लाईट गेली की फोटो बंद. फोटो तरी किती गोळा केले! माझ्या मोबाईलमधले, यांच्या मोबाईलमधले, आक्कांनी राहात्याहून पाठवलेले. त्यात लोकांनी पाठवलेली "शुभ सकाळ"वाली गुलाबाची फुलंही मिसळली. मी ती काढायला गेले तर तुम्ही हात धरलात. "ऱ्हाऊ दे. कुनीतरी आपल्याला सकाळच्या पारी आठवलंय ना?" मग राहिली. आमच्या लग्नातले फोटो, आक्कांच्या पोरांचे, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा, आणि मध्येच गुलाब.

पण तुमचा जीव होता तो तांबडीच्या, आपल्या गाईच्या फोटोवर. तांबडी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. पडद्यावर ती आली की तुम्ही हातातलं काम थांबवायचात. सगळे फोटो एकदा फिरून यायला वीसेक मिनिटं लागायची, आणि तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं सोडून दिलंत. "दोनदा गाय येऊन गेली, अजून च्या न्हाई!" अशी हाक यायची मला. एकदा मी गंमत म्हणून फोटोंचा क्रम मोडला, कुठलाही कधीही येईल असं केलं, तर तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. "सगळा दिस इस्कटला माझा," म्हणालात. मी निमूटपणे पुन्हा क्रम लावला. तांबडीच्या आधी विहीर, आणि तांबडीच्या नंतर तुम्ही.

तुमचा तो फोटो मी गेल्या वर्षी कापसाच्या वेचणीत काढला होता. कमरेला ओटा बांधलेला, त्यात कापूस, आणि तुम्ही तोंड भरून हसताय. फोटो काढायला मागे सरता सरता मी सरीत पडले होते, म्हणून हसत होतात. पडता पडता माझं बोट लागलं आणि फोटो निघाला. आजवरच्या कुठल्याही लग्नकार्यात तुमचा इतका चांगला फोटो आलेला नाही. आक्का म्हणायच्या, आई फोटोत नेहमी कुणीतरी दटावल्यासारखी का दिसते? या फोटोत नव्हतात दिसत.

आता दसरा. आपल्या घरात जे जे चालतं, त्या सगळ्याला दसऱ्याला हार. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला, ट्रॅक्टरला, खुरप्या-विळ्यांना, शिलाई मशीनला, मिक्सरला, माझ्या कामाच्या लॅपटॉपला. मी सकाळपासून झेंडू ओवत होते. सगळीकडे हार घालून झाले, मामंजींच्या भिंतीवरच्या फोटोलाही नवा घातला, आणि एक हार उरला. मामंजींच्या शेजारीच ती चौकट टांगलेली. माझ्या मनात आलं, हा का सुटावा? हेही मशीनच. मी स्वतः उघडून जोडलेलं. खरं सांगते आत्याबाई, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फोटो नव्हताच, मला ते मशीनच दिसत होतं.

तुम्ही खुर्चीत बसून शेंगा सोलत होतात. कांताकाकू शेजारून फुलं न्यायला आल्या होत्या. हे सुट्टीला घरी होते आणि आक्कांना व्हिडिओ कॉल लावून घरातली पूजा दाखवत होते. पडद्यावर विहीर होती. मी हार चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांना अडकवला, तेवढ्यात तांबडी आली, आणि मी काचेवर तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "पोळ्यावानी सजली गं माझी बाय," असं तुम्ही म्हणालात. सगळे हसलो. फोनमधून आक्काही हसल्या.

एक फोटो आठ सेकंद राहतो. मीच लावलं होतं तसं. मला पाठ होतं की तांबडीच्या नंतर कोण येतं. तुम्हालाही पाठ होतं. घरातल्या भांड्यांनाही पाठ झालं असेल त्या दोन महिन्यांत. आणि आठ सेकंदांनी मामंजींच्या शेजारी, तसाच झेंडूचा हार घातलेल्या तुम्ही आलात.

"अगं बया!" कांताकाकू किंचाळल्या. फोनमधून आक्का ओरडल्या, "काढ! संतू, काढ ते आधी!" यांनी झडप घालून हार ओढला, दोरा तुटला, झेंडू घरभर पांगले. मी हातात ताट घेऊन उभी होते. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो हे मला आईनं शिकवलेलं, शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि सुनेनं सासूला घातला, वर्षाच्या सणाला, चारचौघांत.

हसलात फक्त तुम्ही. मांडीवरची शेंगांची टरफलं झटकत उठलात, पडद्यापाशी गेलात. "कशाला तोडला रे संतू? बघू दे तरी, मेल्यावर कशी दिसनार हाय मी." मग माझ्याकडे वळलात. "आन गालाला कुंकू लावलं बयेनं. कपाळ सापडलं न्हाई व्हय तुला?" तुमच्या पाठोपाठ काकू हसल्या, मग हे हसले. मला हसू आलं नाही. तुम्ही सांडलेले झेंडू गोळा केलेत आणि तुळशीपाशी नेऊन ठेवलेत. जेवताना तो विषयसुद्धा निघाला नाही. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बदललात. रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही कधी नीट घेतल्या नव्हत्या. मी हातावर ठेवायचे आणि तुम्ही तुळशीला पाणी घालता घालता कुंडीत पुरायचात. कुंडी बदलताना मला पांढऱ्या गोळ्यांचा थर सापडला होता, आठवतं? "तुळस कशी टवटवीत हाय बघ," असं वर सांगितलंत. त्याच तुम्ही मला म्हणालात, मोबाईलवर गजर लाव, सकाळी आणि संध्याकाळी, गोळीच्या वेळेला. गजर झाला की पदराला हात पुसून हात पुढे करायचात. लोणचं सोडलंत. पापड सोडला, मीठ सोडलंत. उन्हं वर यायच्या आत कांताकाकूंना घेऊन वस्तीपर्यंत चालून यायला लागलात. शेवगावच्या डॉक्टरांकडे स्वतःहून गेलात, एरवी तुम्हाला न्यायचं म्हणजे दोघं लागायचे.

यांना आनंद झाला. "आई आता ऐकायला लागली," म्हणाले. मला मात्र तुम्ही घेतलेली प्रत्येक गोळी बोचायची. मला वाटायचं, ही माझ्या हाराची भीती. सगळ्यांसमोर हसून माझी अब्रू राखली, आणि आता आतून रोज मरणाला भिताय. माझ्या हातानं मी तुमच्या मनात मरण घातलं, आत्याबाई, असं मला वाटायचं. विचारायची हिंमत होत नव्हती. एकदा मी म्हणाले, तो फोटो काढून टाकू का पडद्यावरनं? "ऱ्हाऊ दे," म्हणालात. "काढला तर लोकं म्हनतील म्हातारी भ्याली."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी भाकरी, बिनमिठाचा ठेचा आणि, तुम्ही सोडलेलं असूनही, लिंबाचं लोणचं वाढलं. लोणच्याला तुम्ही हात लावला नाही. बोटानं ताटाच्या कडेला सारलंत. एवढंच. पण माझा बांध फुटला. नको ते बोलले मी.

"एवढी जिवाची भीती होती तर त्या दिवशी हसलात कशाला? मला शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. रोज ताटावर बसून मला दाखवताय, बघ तुझ्या हारानं काय केलं ते!"

"मने, तसं न्हाई ते."

"मग कसं आहे?"

"तुला न्हाई कळायचं."

"कळतंय मला. भित्र्या आहात तुम्ही. वरून हसायचं आणि आतून भ्यायचं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता माझ्या सात पिढ्या निघणार. तुम्ही ताट उचललंत, बाहेर दगडावर बसून स्वतः घासलंत आणि पालथं घातलंत. सासूनं आपलं ताट आपण घासून ठेवणं म्हणजे काय, हे सून असलेल्या बाईला सांगावं लागत नाही. दोन दिवस आपण एकमेकींना टाळलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही हाक मारलीत, "दोनदा गाय येऊन गेली गं!" आणि मी धावत चहा ठेवला. त्यात साखर जास्त पडली, तर तुम्ही अर्धा कप ठेवून दिलात. भांडण तिथेच राहिलं, अर्धवट. मी माफी मागितली नाही. म्हटलं, होईल बोलणं कधीतरी, कुठं जातोय आपण.

पौषात तुम्ही गेलात. सकाळी चालून आलात, ओसरीत टेकलात, छातीवर हात ठेवलात. शेजारच्यांच्या जीपमधून शेवगावला नेलं, तिथून नगरला न्या म्हणाले. हे सुप्याहून परस्पर नगरकडे निघाले होते. करंजीच्या घाटात तुम्ही गेलात. यांना आई भेटली नाही. तो सल त्यांना आहे, आणि माझं काय ते ते विचारत नाहीत.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. यांनी तोच कापसातला काढला, याच्यासारखा दुसरा नाही म्हणाले. आक्का म्हणाल्या, "तो नको. त्याला एकदा हार घातलाय." मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तुम्ही अशा दिसता, की तुम्हाला कुणीतरी कचेरीत बोलावून बसवून ठेवलंय आणि कारण सांगितलेलं नाही. खुर्चीवर तो फोटो ठेवला. आधी यांनी हार घातला, मग आक्कांनी, मग एकेक करत भावकीनं. माझी वेळ आली. मी हार हातात घेतला आणि माझा हात वर जाईना. खरंच जाईना. सगळे थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, घाल की गं. तेव्हा आक्का म्हणाल्या, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं:

"तिला नका सांगू. तिचा घालून झालाय आधीच."

आत्याबाई, त्यांची आई गेली होती. कुणावर तरी राग काढायला हवा होता, मी समोर होते. हे मला कळतं. पण मांडवात बसलेल्या साठ-सत्तर माणसांत एकानं तरी काहीतरी बोलावं, असं मला वाटलं. तुमचा संतू खाली मान घालून बसून राहिला. मी हार फोटोच्या पायाशी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले, तिथे बायका पोळ्या लाटत होत्या, त्यांनी मला जागा करून दिली आणि माझ्याकडे बघणं टाळलं. मी पोळ्या भाजत बसले. धूर डोळ्यांत जातो ही किती सोय असते.

त्या दिवशीच मी चौकटीची वायर काढली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. हे सुप्याला परत गेले. घरात मी एकटी. फॉर्म भरायला येणारी माणसं येतात, भिंतीवरच्या टॉवेलकडे बघतात, काही विचारत नाहीत. रोज दुपारी मला वाटायचं, हा लॅपटॉप उघडावा, त्यातलं सगळं पुसून टाकावं आणि पुन्हा पोत्यात घालावा. दोनदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी राहिले. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं, की तुम्ही भ्यालात का? हो किंवा नाही. गेलेलं माणूस एवढंही सांगत नाही.

परवा कांताकाकू आल्या. फडक्यात भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "हे झाकून कामून ठेवलं?" त्या उठल्या, टॉवेल ओढून घडी करून खाटेवर ठेवला. "लाव. पारूला दोन रोज बघितली न्हाई तर मला करमत नसायचं, आता तीन आठवडे झाले." तुम्हाला पारू म्हणणारं माणूस आता गावात त्या एकट्याच.

मी वायर लावली. मशीन सुरू व्हायला वेळ लागतो, आम्ही दोघी काळ्या काचेकडे बघत बसलो. मग लग्न आलं, आक्कांची पोरं आली, शुभ सकाळ आलं. विहीर आली. तांबडी आली. मी तोंड फिरवलं. काकू बघत राहिल्या आणि नाकानं सूं सूं करायला लागल्या. "कशी हासती बघ, रांड," म्हणाल्या, आणि रडल्या.

मग माझ्यानं राहवलं नाही. ज्यांनी त्या दिवशी पहिली किंकाळी फोडली होती, त्यांनाच मी विचारलं.

"काकू, खरं सांगा. त्या दिवसापासून आत्याबाई भ्यायल्या होत्या ना?"

काकूंनी डोळे पुसले. "व्हय," म्हणाल्या. "लई भ्याली हुती."

मला वाटलं, संपलं. हेच ऐकायचं होतं तर ऐक आता.

"पर मरायला न्हाई गं," काकू पुढे म्हणाल्या. "मरायला पारू कवा भ्याली? तुज्यासाठी भ्याली हुती. रोज चालताना मला तेच सांगायची. म्हनायची, कांते, पोरीनं हार घातलाय, चार लोकांनी बघितलंय, आन मी आता मधीच गेले तर ही लोकं तिला जगू देनार न्हाईत. पुढला दसरा गाठायचाच हाय मला. एक दसरा मधी गेला का लोकं इसरत्यात. मंग कवाबी मरायला मी मोकळी."

मी खाटेवरच्या टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"डाक्टरला इचारलं हुतं तिनं," काकू म्हणाल्या. "पुढल्या दसऱ्यापातुर निघन का म्हनून. त्यो म्हनला गोळ्या घ्या, चाला, मीठ सोडा, निघन. तवापासून लागली हुती. लोनच्यासाठी जीव टाकायची गं ती. मला म्हनायची, कांते, दसरा झाला का पयलं बरनी घिऊन बसते बघ."

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असती. आन तुला वाटलं असतं, म्हातारी तुज्यापाई तोंड बांधून बसली. म्हनून मलाबी सांगू दिलं न्हाई. आज सांगितलं, तर पारू वरून शिव्या देत असंन."

काकू गेल्या. मी आक्कांना फोन करायला मोबाईल हातात घेतला, आणि ठेवून दिला. त्यांना हे कळलं तर त्या मांडवातलं आपलं बोलणं जन्मभर विसरणार नाहीत, आणि त्यांनी आई गमावली आहे, तेवढं पुरे आहे. यांनाही अजून सांगितलेलं नाही. चौकट आता चालू असते. लाईट गेली की बंद होते, आली की मी पुन्हा लावते. तुमचा फोटो मी काढलेला नाही आणि काढणार नाही.

तीन महिने तुम्ही माझ्यासमोर बसून बिनमिठाचं जेवलात. मी वाढत होते आणि मनात तुमच्यावर धुमसत होते. लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सारताना तुमचा जीव किती तुटला असेल, आणि त्याच वेळी मी तुम्हाला भित्र्या म्हणाले. उत्तर तुमच्या तोंडाशी आलं असणार. "तसं न्हाई ते," एवढं म्हणालातही. मग ते गिळलंत, आणि ताट घासायला उठलात. मी कशी सून होते हे लोकांना काय ठरवायचं ते ठरवू दे. तुम्ही कशी सासू होतात ते मला कळायला तुम्हाला मरावं लागलं, याची मला लाज वाटते.

आणि अजून एक आहे. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्याला काही अर्थ आहे असं मला वाटलंच नव्हतं. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंगाला घाम सुटला होता. घाटातल्या पहिल्या वळणावर तुम्ही माझं मनगट धरलंत, एवढ्या जोरात की बांगडी रुतली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मने, दसरा लई लांब ऱ्हायला गं."

पौषात दसरा कुठला? मला वाटलं, भ्रम झालाय. मी म्हणाले, "बोलू नका, आत्याबाई, दम लागेल. नगर येतंच आहे." तुम्ही मान हलवलीत, नाही नाही म्हणत. पुन्हा काहीतरी सांगायला तोंड उघडलंत.

माझ्यासाठी जगायचं जमलं नाही म्हणून तुम्ही माझी माफी मागत होतात, आत्याबाई, आणि मी तुमच्या तोंडावर हात ठेवला.